भिंत हवा खाते

पिंपात विहिरीचं गार पाणी होतं. गवंड्याने त्यात चुनकळीचे चार खडे सोडले आणि तो विडी पेटवायला बाजूला झाला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खडे तडकू लागले, पाणी घुसळल्यासारखं झालं आणि चूल नाही, लाकूड नाही, तरी पिंप रटरटायला लागलं. वरून आंब्याचा उरलासुरला मोहोर गळत होता आणि खालून वाफ वर चालली होती. शेजारचं सातेक वर्षांचं पोर डोळे विस्फारून म्हणालं, "आगीशिवाय कसं उकळतंय?" माझं वय पन्नाशीच्या पुढे, पण प्रश्न माझाही तोच होता.

खरं म्हणजे आग होती. ती आधीच लागून गेली होती. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत 900 अंशांच्या आसपास तापवले की त्यांच्यातून कर्बवायू निघून जातो. 100 किलो शुद्ध चुनखडी भट्टीत घातली तर 44 किलो वायू आभाळात जातो आणि हाताशी 56 किलो चुनकळी उरते. निम्म्याला थोडाच कमी दगड धुराड्यातून उडून जातो म्हणा ना! ही चुनकळी मोठी तहानलेली असते. पाणी दिसलं की अधाशासारखी पिते, आणि पिताना भट्टीत साठवून ठेवलेल्या उष्णतेतली बरीच परत देते. आमच्या पिंपात उकळत होती ती भट्टीवाल्याची लाकडं.

घर आजोबांच्या वेळचं, देवगडच्या बाजूचं. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मधे माजघर, मागे परसात आंबा, फणस आणि दोन रातांबे. गावी शिमग्याला पोचायचं, पालखी नाचली की काम काढायचं आणि मृग लागायच्या आत आवरायचं, हे इथलं जुनं वेळापत्रक. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत अंगावर घेणाऱ्या मुलखात घरदुरुस्तीला वसंताइतका सोयीचा ऋतू नाही. गवंडी, सुतार, आगरात शिंपणं करणारा गडी आणि आंब्याची पेटी भरणारे, सगळ्यांची एकदम ओढाताण होते ती याच दिवसांत.

आता माझा गाढवपणा सांगतो. दहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघराची भिंत ओल धरते म्हणून मी तिचा जुना चुन्याचा गिलावा खरवडून वर सिमेंटचा चढवला. दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी ओल सिमेंट जिथे संपत होतं त्याच्या वर, खांद्याच्या उंचीला उमटली. पाचव्या वर्षी सिमेंटचे पोपडे हाताएवढे सुटले आणि त्यांच्याबरोबर चिऱ्याची सालही निघाली. यंदा गवंड्याने ती भिंत बोटाने टोकरली आणि तो म्हणाला, "शिमिटाचो गिलावो केलात तर भिंत आतल्या आत भिजतली." एवढंच बोलून तो चहाला गेला.

त्याच्या या एका वाक्यात भौतिकशास्त्राचा अख्खा धडा आहे. चिरा भोकाभोकांचा. जमिनीतलं पाणी त्यातून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं. ते कुणाला थांबवता येत नाही. जुन्या बांधकामाने थांबवायचा प्रयत्नच केला नव्हता, त्याला बाहेर पडायला वाट ठेवली होती. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफ होऊन निघून जायचं. सिमेंटने ती वाट बुजवली. मग पाणी आणखी वर चढलं आणि जिथे फट मिळाली तिथे सुकलं. सुकताना त्यातले क्षार मागे राहिले. त्यांचे स्फटिक दगडाच्या भोकांत वाढले आणि आतून रेटा देऊन त्यांनी दगडच फोडला. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने इंग्लंडात 1824 साली घेतलं. माल उत्तमच आहे, पुलाला, धरणाला लावा. पण चिऱ्याच्या भिंतीला तो पावसाळी कोट घातल्यासारखा होतो, आणि आतल्या माणसाला घाम येतोय.

चिरा ही वस्तूच अजब. देवगडच्या सड्यावर उभं राहिलं की पायाखाली जो तांबडा-काळा खडक लागतो, तो मुळात लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर सांडले, त्यांचा काळा कातळ झाला. मग त्या कातळावर पाऊस आणि ऊन यांनी आळीपाळीने लक्षावधी वर्षं काम केलं. पाण्याने त्यातली वाळूची जात, म्हणजे सिलिका, हळूहळू धुऊन नेली. न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोहाला हवा लागली आणि ते गंजलं. आपल्या भिंतीचा तांबडा रंग हा शुद्ध गंजाचा रंग आहे! लोखंडी गेट गंजलं की आपण कपाळाला हात लावतो आणि शेजारीच गंजाचे ठोकळे रचून चार पिढ्या सुखाने राहतो.

फ्रान्सिस बुकॅनन नावाचा डॉक्टर मलबारात हिंडताना अंगाडिपुरमजवळ हा दगड पाहून थबकला. जमिनीत असताना तो कुऱ्हाडीने कापण्याइतका मऊ, आणि बाहेर काढून हवेत ठेवला की विटेसारखा टणक. विटेला लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणतात, त्यावरून 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. आपल्याकडच्या चिरेखाणवाल्यांना ही गोष्ट तशी जुनीच. ताजा चिरा घाईने भिंतीत घालू नये, उन्हावाऱ्यात तापू द्यावा, हे कुणीही सांगेल. ओल सुकते तशी आतली लोहाची संयुगं घट्ट होत जातात. खाणीतून निघाल्यावर कडक होणारा हा दगड, आणि त्याच्यावर चढणारा चुनाही भिंतीवर बसल्यावरच कडक होणारा. जोडी कुणी जमवली असेल?

चुन्याचं ते कडक होणं मात्र जवळून पाहण्यासारखं आहे. विरवलेला चुना पिंपात मुरत ठेवला होता. वर निवळ पाणी साचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्या पाण्यावर काचेसारखी पातळ खपली धरलेली. बोटाने दाबली तर कुरकुर करून मोडली. तुकडा चिमटीत धरला. कागदाहून पातळ, पांढरा, खरखरीत. हा दगड होता. रात्रीतून हवेतला कर्बवायू पाण्याच्या पृष्ठभागावर चुन्याला भेटला आणि पुन्हा चुनखडी तयार झाली. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, आठवतं? तेव्हा आपण आपल्या श्वासाचा दगड करत होतो. परीक्षेला दोन गुण मिळाले, पण हे असं कुणी सांगितलं नाही.

भिंतीवर हेच होतं, फक्त फार सावकाश. वरची साल थोड्या दिवसांत घट्ट होते, आतला भाग वर्षानुवर्षं हवा खात बसतो. भट्टीत उडालेले ते 44 किलो भिंत परत गोळा करते. या व्यवहाराला ओल लागते, कारण वायू आधी पाण्यात विरघळावा लागतो. म्हणून चैत्राच्या उन्हात गिलाव्यावर गोणपाट लावून दिवसातून चार वेळा पाणी मारायचं. कंटाळा केला आणि भिंत झटकन सुकली, तर दगड व्हायचा राहून जातो आणि हाताला पांढरी भुकटी लागते. गवंड्याने मिश्रणात गुळाचं पाणी घातलं तेव्हा मुंग्या लागतील म्हणून मी कुरकुरलो. नंतर कळलं की साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. मुंग्या आल्या होत्या, ते वेगळं.

छपराबद्दल थोडक्यात. नळे उतरवून कौलं घातली ती आजोबांनी. कडेला खाच आणि कंगोरा असलेली, एकात एक अडकणारी ही कौलं आल्सेसच्या जिलार्दोनी बंधूंची 1841 सालची कल्पना. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कारखाना काढला आणि तिथून गलबतांनी ती किनाऱ्यावरच्या बंदराबंदरांत उतरली. ना खिळा, ना चुना, नुसती रिपेवर टेकलेली. त्यामुळे एक फुटलं तर एकच बदलायचं. आमच्याकडे ती पावसापेक्षा वांदरांनी जास्त फुटतात. वासे फणसाचे. एक कुजकं टोक सुताराने कापलं तर आतून हळदीसारखा पिवळाधमक भुसा पडला. साठ-सत्तर वर्षांच्या लाकडात रंग तसाच! म्यानमारकडे भिक्षूंची चीवरं याच लाकडाच्या रंगात रंगवत आले आहेत.

या गडबडीत परसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एका दुपारी पाणी मारून दमलो आणि मागच्या पायरीवर बसलो, तेव्हा आंबा दिसला. अर्ध्या फांद्यांवर कैऱ्या आणि उरलेल्या फांद्यांना तांबूस, मऊ, खाली मान घातलेली पालवी. एकाच झाडाच्या शेंड्यांनी दोन वेगळे निर्णय घेतलेले. शेंड्यावरच्या डोळ्याला थंडीच्या रात्री मिळाल्या तर तो मोहोराकडे वळतो, ऊब मिळाली तर पानांकडे. थंडी कमी पडली की बागायतदार हवालदिल होतो तो यासाठी. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं, त्यातली बरीचशी नुसती नर. शेवटी टिकायचे दोन-तीन आंबे, तेही नशीब असेल तर. आणि परागीभवनाच्या कामात मोठा वाटा माश्यांचा, ज्यांना आपण पंच्याने हाकलतो.

पालवी तांबडी का, यावर अभ्यासकांची दोन-तीन मतं आहेत. कोवळ्या पानाचं हरितद्रव्य अजून तयार व्हायचं असतं, तोवर तांबडं रंगद्रव्य उन्हापासून आडोसा करतं, असं काही म्हणतात. ते किडीला आणि बुरशीला चुकवण्यासाठी असावं, असं दुसऱ्यांचं म्हणणं. पान खाली लोंबतं त्याचं कारण सोपं आहे. डोक्यावरचं ऊन आडव्या पानावर भरभरून पडतं, उभ्या लोंबत्या पानाच्या बाजूने निसटून जातं. महिनाभरात ही पानं ताठ होतील, हिरवी होतील आणि हवेतून कर्बवायू ओढून साखर करू लागतील.

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाठीमागे ओलं गोणपाट पांघरलेली भिंत हवेतला कर्बवायू घेऊन दगड करत होती. समोर पाच पावलांवर आंबा त्याच हवेतून तोच वायू घेऊन रस करत होता. त्या वायूत थोडा माझ्या उच्छ्वासाचा, थोडा गवंड्याच्या विडीचा. हा चुना शिंपल्यांचा होता, म्हणजे समुद्रातल्या मऊ जिवांनी पाण्यात विरघळलेला कर्ब घेऊन आपलं घर बांधलं, ते आम्ही जाळलं, आणि आता हवेतूनच तो परत घेऊन आमचं घर बांधत होतो. परस आणि घर अशी वेगळी दोन कामं मी वहीत मांडली होती. वहीतली मधली रेघ खोडून टाकली.

एक गोष्ट मात्र निष्ठुरपणे केली. न्हाणीच्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं होतं, पाखराच्या विष्ठेतून आलेलं. पिंपळ तोडू नये म्हणून आईने ते तीन वर्षं ठेवलं. यंदा दोन चिरे काढून ते मुळासकट सोडवलं आणि देवळामागच्या सड्यावर लावलं. वरवर छाटून उपयोग नसतो, मूळ भिंतीत राहिलं तर पावसात पुन्हा फुटतं.

तुमचंही असं घर असेल आणि पुढच्या वसंतात काम काढायचं असेल तर चुनकळी माघातच विरवून ठेवा, महिनाभर तरी मुरू द्या. आणि चुनकळी पाण्यात सोडा, पाणी चुनकळीवर ओतू नका. उकळता चुना उडतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो.