तिरंगा उतरवल्यानंतर

कोयनानगरचा पंधरा ऑगस्ट बहुधा पावसातच येतो. डोंगरावर धुके, मैदानात चिखल आणि भिजलेल्या गणवेशातली मुले. दरवर्षी पालक आम्हां शिक्षकांना विचारतात, "एवढ्या पावसात झेंडा लावायचा का?" आमचे उत्तर साधे असते. सरकारी इमारतीवरचा राष्ट्रध्वज हवामान कसेही असले तरी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत फडकतो, असे ध्वजसंहिताच सांगते. पण खरा प्रश्न ध्वज उतरवल्यानंतरचा आहे आणि तो मात्र फारसे कुणी विचारत नाही.

आपल्या साताऱ्याला या झेंड्याची किंमत चांगली ठाऊक आहे. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात इथल्या शेतकऱ्यांनी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे नेले. कचेरीवर तिरंगा लावायचा, एवढीच त्यांची मागणी होती. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर झेंडा चढला. तासगाव त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला. हातात तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार तिथे शहीद झाले. त्याआधी १९३० मध्ये सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला होता आणि पुढच्याच महिन्यात शहरात मार्शल लॉ लागू झाला. त्या लढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ही चार नावे मुलांना एका दमात सांगावीत. त्यातले एक वेगळे काढून 'आपले' म्हणण्याची गरज नाही.

रंगांचेही तसेच आहे. "हिरवा रंग आपला ना?" असे मुले घरात विचारतात. १९२१ च्या सुमाराच्या झेंड्यात रंगांचा संबंध धर्मांशी जोडला जात असे. त्यावर बरेच वाद झाले, म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा झेंडा स्वीकारताना या रंगांना जातीय अर्थ नाही, असे स्पष्ट केले. १९४७ मध्ये घटना समितीने नेमलेल्या ध्वज समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद होते. मौलाना आझाद, सरोजिनी नायडू आणि डॉ. आंबेडकर हे त्या समितीत होते. २२ जुलै १९४७ रोजी चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र असलेला आजचा ध्वज मंजूर झाला. म्हणून मुलांना सांगावे, तिन्ही रंग आपले आहेत आणि तिन्ही सगळ्यांचे आहेत.

काही घरांत आणखी एक शंका असते. झेंड्याला सलामी दिली तर ती इबादत होते का? आमच्या समजुतीप्रमाणे इबादत फक्त अल्लाहची. वडीलधारे आले की आपण उठून उभे राहतो, ती अदब असते. सलामीही तशीच अदब आहे.

आता देखभालीकडे वळू. ध्वज झटकन चढवावा आणि सावकाश उतरवावा. तो जमिनीला किंवा पाण्याला टेकू देऊ नये. भिजला असेल तर घडी करून पेटीत टाकू नये, बुरशी धरते आणि रंग उतरतो. घरात स्वच्छ जागी, सावलीत पूर्ण वाळू द्यावा. घडी घालताना ध्वज आडवा धरावा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडावा. मग पांढरा पट्टा अशा रीतीने दुमडावा की चक्र आणि दोन्ही रंगांचा थोडा भाग दिसत राहील. त्यावर काही लिहू नये. त्याचा टेबलक्लॉथ, उशीचा अभ्रा किंवा हातरुमाल करू नये. फाटलेला, मळलेला ध्वज लावू नये. २०२२ पासून नागरिकांना घरावर दिवसरात्र ध्वज लावता येतो, पण त्याची निगा राखण्याची जबाबदारीही त्याच घराची असते.

फाटलेल्या ध्वजाचे काय करावे? ध्वजसंहितेप्रमाणे तो एकांतात, सन्मानाने, संपूर्ण नष्ट करावा. शक्यतो जाळून, किंवा त्याची शान राखणाऱ्या दुसऱ्या रीतीने. कागदी झेंड्यांनाही हाच नियम आहे. प्लास्टिकचे झेंडे तर आणूच नयेत. ते कुजत नाहीत, सोळा ऑगस्टला गटारात सापडतात.

कुरआन शरीफची जीर्ण पाने आपल्या घरांत कधी कचऱ्यात जात नाहीत. दादी ती वेगळ्या पिशवीत जपून ठेवते, मग ती अदबीने दफन केली जातात. दोन्हींचा दर्जा एक नाही, तुलनाही नाही. पण जपण्याची ही सवय आपल्या मुलांच्या हातात आधीपासून आहे. या सोळा ऑगस्टला त्यांच्या हाती एक पिशवी द्या. रस्त्यावर, मैदानात पडलेले झेंडे वेचून आणायला सांगा. कुर्बान हुसेन आणि परशुराम घार्गे कोण होते, हे ती मुले मग स्वतःहून विचारतील.