पेटीतलं लुगडं

गुढीपाडव्याला नऊवारी आणि फेट्याच्या थाटात निघणाऱ्या शोभायात्रा 1999 साली डोंबिवलीत सुरू झाल्या. आता तो थाट अमरावती-अकोल्यातही दिसतो. त्यावरचा आक्षेप ठरलेला: ही कसली परंपरा, कालची हौस! पण स्कॉटलंडचं चौकडीचं टार्टन पाहा. 1746च्या कायद्याने तिथल्या डोंगरी पोशाखावर बंदी आली, ती 1782मध्ये उठली. पुढे 1822मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने टार्टनचा मोठा सोहळा घडवला आणि तो वेश साऱ्या देशाचा झाला. मिरवणूक नवी म्हणून पोशाख खोटा ठरत नाही.

हरकत घ्यायचीच तर वेगळी घ्यावी. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात आजीचं सुती लुगडं पेटीत पडून असताना बाजारातली शिवलेली, चकचकीत काठांची नऊवारी कशाला? शिवलेली सोयीची, हे मान्य. दुचाकीवर तर फारच. जुनं रेशीम घडीवर चिरतं, हेही खरं. सुती लुगडं मात्र धुऊन धुऊन मऊ होतं आणि उन्हात अंगाला सुखावतं. अगदीच विरलं असेल तर त्याची गोधडी करावी. आजीनेही तेच केलं असतं. धड असेल तर नेसावं. नेसवायला घरातली एखादी काकू लागेल, एवढंच.