सुकटीची गोणी आणि सप्टेंबरचा पाऊस

समुद्र ज्यांनी कधी पाहिला नाही, अशा सोलापूरच्या अनेक गिरणी कामगारांच्या आणि विड्या वळणाऱ्या बायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सुकट आणि बोंबील शिजत आले, आणि मटणाचा दर आवाक्याबाहेर असे तेव्हा ज्वारीच्या भाकरीला सामिष जोड मिळे ती याच जिनसांची. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर वाळलेला बोंबील घाऊक व्यापाऱ्यांच्या हातून घाट चढून येथवर आला, की येथील कोरड्या हवेत तो बिघडणार नाही असा सर्वांचाच समज असतो. या समजाला उन्हाळ्यात आधार आहे. सप्टेंबरात नाही, कारण सोलापुरात सर्वाधिक पाऊस त्याच महिन्यात पडतो.

आपली कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते ती तिच्यात बुरशीला पुरेल इतके पाणी उरत नाही म्हणून. सुक्या मासळीचे रहस्यही तेच. परंतु हवेतील सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली, की खारवलेल्या मासळीतले मीठच हवेतले पाणी ओढू लागते, आणि ओल्या जमिनीवर टेकलेल्या गोणपाटात आठवड्याभरात पांढरा-हिरवा बुरा धरतो.

खरा अनर्थ यापुढे घडतो. तो बुरा झटकून, माल पुन्हा उन्हात घालून विक्रीस मांडला जातो. पण बुरशीचे तंतू आत शिरलेले असतात, आणि काही बुरशींनी निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष उन्हाने जात नाही, फोडणीच्या आचेनेही पुरते नष्ट होत नाही. 1974 साली बांसवाडा व पंचमहाल या जिल्ह्यांत याच विषाने दूषित झालेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती.

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये सडलेले अन्न विकणे गुन्हा आहे आणि किरकोळ विक्रेत्यालाही नोंदणी आवश्यक आहे. तथापि, उघड्यावर बसणाऱ्या म्हातारीला दंड ठोठावून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. तिला छप्पर, उंच ओटा आणि झाकणाचा डबा मिळेल अशी तजवीज महापालिकेने आधी करावी, आणि अन्न व औषध प्रशासनाने आपली तपासणी घाऊक गोदामांपासून, तीही सप्टेंबरातच, सुरू करावी. घेणाऱ्याने बोंबील वाकवून पाहावा: तो कडकन न मोडता लवला, किंवा त्याला कुबट वास आला, तर तो परत ठेवावा.