चिकटलेला जुना क्लच: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळाभर शेडमध्ये उभा असलेला जुना ट्रॅक्टर रब्बीच्या तोंडावर बाहेर काढताना हा प्रसंग अनेकांवर येतो. इंजिन चालू होतं, क्लचचं पेडल नेहमीसारखं खाली जातं, पण गिअर पडत नाही, नुसता करकरतो. मग कुणी म्हणतं प्लेट गेली, कुणी म्हणतं डिझेल ओता, कुणी म्हणतं झाडाला बांधून झटका द्या. यातला पहिला सल्ला खिसा रिकामा करतो, दुसरा क्लच बिघडवतो आणि तिसरा जीव घेऊ शकतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी आत काय घडलंय ते समजून घ्यायला हवं.

गैरसमज १: गिअर पडत नाही, म्हणजे क्लच प्लेट जळाली.

वस्तुस्थिती: जळालेल्या किंवा झिजलेल्या प्लेटचं लक्षण याच्या अगदी उलट असतं. ती घसरते. इंजिन ओरडतं आणि नांगर जागचा हलत नाही. चिकटलेली प्लेट मात्र सुटतच नाही. साठच्या दशकातल्या इंटरनॅशनल बी-२७५ पासून १९७४ साली आलेल्या स्वराज ७२४ पर्यंत त्या पिढीच्या ट्रॅक्टरांमध्ये सर्रास कोरडा क्लच असे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये लायनिंग लावलेली क्लच प्लेट दाबून धरलेली असते. दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग बिडाचे. ओला बिडाचा तवा रात्रभर तसाच राहिला तर सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो, तसाच गंज इथे दमट हवेने चढतो आणि लायनिंगला धरून ठेवतो. प्लेट ज्या शाफ्टवर पुढेमागे सरकते, त्याच्या खाचाही गंजतात. यात मोडलेलं बहुधा काहीच नसतं.

गैरसमज २: पेडल खाली जातं, म्हणजे बाकी सगळं ठीक आहे आणि दोष प्लेटचाच.

वस्तुस्थिती: आधी बाहेरचं तपासा. पेडलला ठरावीक मोकळी चाल असते. ती किती हवी हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. चाल वाढली असेल तर पेडल तळाला टेकूनही प्रेशर प्लेट पुरेशी मागे येत नाही आणि चांगला क्लचही चिकटल्यासारखा वागतो. रॉड, पिना, क्लचचा आडवा शाफ्ट गंजलाय का, तेही पाहा. काही ट्रॅक्टरांच्या क्लच हाउसिंगला खाली किंवा बाजूला झाकण असतं. इंजिन बंद ठेवून ते उघडा, एकाला पेडल दाबायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात आत बघा. हात मात्र आत घालू नका. फिंगर दाबल्या जाऊन प्रेशर प्लेट मागे येते आणि तरी क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरूनच राहते, तर ती चिकटली आहे. प्रेशर प्लेट हलतच नसेल तर दोष रिलीज बेअरिंग, फिंगर किंवा जोडणीत शोधावा लागेल.

दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरला पेडल अर्धं दाबलं की चाकांचा क्लच सुटतो आणि पूर्ण दाबलं की पीटीओचा. तिथे दोन प्लेटांपैकी एकच चिकटलेली असू शकते. म्हणून दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासा.

गैरसमज ३: डिझेल, जळकं ऑइल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारला की क्लच सुटतो.

वस्तुस्थिती: कोरड्या क्लचचं सगळं काम घर्षणावर चालतं. लायनिंगने तेल शोषलं की प्लेट आज सुटेल आणि उद्या भरल्या ट्रॉलीखाली घसरेल. मग ट्रॅक्टर खोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तेल बाहेरच्या पिनांना आणि पेडलच्या सांध्यांना द्या, प्लेटला नको. आतल्या ओलीला ऊब लागते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालवून नीट तापू द्या, मग बंद करा. पेडल पूर्ण दाबून त्यावर लाकडी ठोकळ्याची पक्की अडण लावा आणि काही दिवस तसंच ठेवा. अधूनमधून अडण काढून हीच कृती पुन्हा करा. हलका गंज असेल तर अनेकदा एवढ्यानेच प्लेट सुटते, आणि या उपायाला खर्च नाही.

गैरसमज ४: गिअरमध्ये टाकून झाडाला किंवा भिंतीला भिडवला की झटक्याने सुटतो.

वस्तुस्थिती: यासारखं धोक्याचं काम नाही. मागची चाकं अडली आणि क्लच सुटत नसला, तर इंजिनाची ताकद ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उचलते. खालच्या गिअरमध्ये ही ताकद सर्वांत जास्त असते. ट्रॅक्टर क्षणात मागे उलटतो आणि चालक खाली सापडतो. साखळीने ओढून झटका देणंही तसंच घातक.

चालत्या ट्रॅक्टरवर प्लेट सोडवायची रीत आहे, पण ती फक्त अनुभवी चालकासाठी. मोकळं, सपाट रान हवं. मागे औजार किंवा ट्रॉली नको. पुढेमागे माणूस, जनावर, विहीर, बांध काही नको. इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी आणि ब्रेक काम करतात याची खात्री आधी करा. दोन्ही ब्रेक पेडलं एकत्र अडकवा. तापलेलं इंजिन बंद करून वरचा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि सीटवर बसूनच स्टार्टर मारा. ट्रॅक्टर लगेच चालू लागेल, हे धरून चाला. क्लच दाबलेलाच ठेवून थ्रॉटल कमीजास्त करा आणि मधूनमधून ब्रेक दाबा. वरच्या गिअरमध्ये ब्रेकचा जोर प्लेटवर जास्त पोहोचतो. दोनचार प्रयत्नांत सुटली नाही तर थांबा.

जमिनीवर उभं राहून स्टार्टरच्या टर्मिनलांवर स्क्रूड्रायव्हर टेकवू नका, कधीच नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो थेट अंगावर येतो. न्यूट्रलशिवाय स्टार्टर न चालण्याची सोय असलेल्या मॉडेलमध्ये ती सोय तोडूही नका. तिथे काम मिस्त्रीकडे सोपवा.

गैरसमज ५: खोलल्यावर नवी प्लेट टाकली की काम झालं.

वस्तुस्थिती: गंजाने खडबडीत झालेल्या फ्लायव्हीलवर नवी लायनिंगही लवकर खाल्ली जाते. दोन्ही पृष्ठभाग साफ करून घ्या, खोल खड्डे असतील तर लेथवर घासून घ्या. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल येत असेल तर तेही याच वेळी बदला. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून हाउसिंगमधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

गैरसमज ६: उभ्या ट्रॅक्टरचं पेडल दाबून ठेवलं तर स्प्रिंगा मरतात.

वस्तुस्थिती: काम करताना पेडलवर पाय ठेवून बसण्याची सवय वाईट, कारण तेव्हा रिलीज बेअरिंग दाबाखाली फिरत राहतं. इंजिन बंद असताना काहीच फिरत नाही, आणि चांगली स्प्रिंग एका हंगामाच्या दाबाने मरत नाही. दीर्घ काळ उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरचा क्लच दाबून अडवून ठेवा, असं अनेक उत्पादकांच्या पुस्तिकाच सांगतात.

ज्या ट्रॅक्टरला चार महिने काम नाही, त्याच्यासाठी मृगाआधी चार गोष्टी करा. क्लच दाबून ठोकळा लावा. पेडलवर चिठ्ठी अडकवा, म्हणजे दुसरं कुणी घाईत सुरू करणार नाही. हाउसिंगच्या तळाला पाणी-तेल निघून जाण्याचं बारीक छिद्र असतं, ते चिखलाने बुजलेलं असेल तर मोकळं करा. आणि शेडची गळती काढा. जुना ट्रॅक्टर घराची कमाई असतो, त्याला पावसाळ्याआधीचा एक तास द्यायलाच हवा.