वाईन म्हणजे द्राक्षाचा रस का?

लातूर-नांदेडहून त्र्यंबकेश्वर, वणी, शिर्डी करायला निघालेली गाडी आता कधीकधी नाशिकच्या द्राक्षमळ्याकडंही वळते. हौस मुलांची असते. गंगापूर धरणाजवळ ‘सुला’चा मळा आहे. तिथं वाईन चाखायची सोय आहे, जेवायचीही आहे. अशा ठिकाणी टेबलावर चार-पाच ग्लास येतात, प्रत्येकात घोट-दोन घोट. सोबत चीज किंवा काही चटपटीत. कोणत्या घासाबरोबर कोणती वाईन बरी लागते ते बघायचं. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, “घ्या हो काकू, द्राक्षाचा रसच तर आहे!” आजचं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे.

रस तो असतो, पण आंबवण्याआधी. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. बाजारात मिळणारी बिनबियांची द्राक्षं यासाठी सहसा घेत नाहीत. वाईनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची असतात. पांढऱ्या वाईनसाठी साली काढून नुसता रस आंबवतात, लाल वाईन सालीसकट. म्हणून लाल वाईन जांभळासारखी तुरट लागते.

खाण्याशी जोडी लावायची ती इथंच. चीज, मटण अशा स्निग्ध घासाबरोबर तो तुरटपणा कमी जाणवतो. पण आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर तीच वाईन घेतली तर तोंडाची आग वाढते, कारण तिखट आणि अल्कोहोल दोन्ही जळजळतात. म्हणून तिखटाबरोबर थंड, किंचित गोड पांढरी वाईन देतात. यात फार मोठी विद्या आहे असं आम्हाला वाटत नाही. येळवशीला भज्जीबरोबर आंबीलच का लागते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता हिशेब. वाईनमध्ये साधारण ११ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीलिटरचे पाच ग्लास म्हणजे १५० मिलीलिटर. १३ टक्के धरले तर त्यातलं अल्कोहोल सुमारे ४५ मिलीलिटर व्हिस्कीइतकं, म्हणजे दीड छोटा पेग. घोट-घोट करत एवढं पोटात जातं! जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य खूप गाजलं. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा, हे आम्हालाही पटतं. पण त्यासाठी दारूचं नाव बदलायचं कारण नाही.

बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच वाईननं तिला जास्त चढते. दिवस गेलेले असतील तर एक घोटही नको. अंगावरून जाण्यावर किंवा जुलाबावर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालू असतील तर नको. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारीची साखर एकदम खाली येऊ शकते. झोपेच्या गोळीबरोबर तर अजिबात नको. स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोड्या दारूनंही वाढतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की सुरक्षित असं प्रमाणच नाही.

मग जायचंच नाही का? जावं की. मळा बघावा, जेवावं, गप्पा माराव्यात. नुसतं जेवण मागवता येतं. “मला नको, लिंबू सरबत आणा,” एवढं पुरे, कारण सांगत बसायची गरज नाही. जिला चाखायचीच असेल तिनं आधी पोटभर खावं, मध्ये पाणी प्यावं. चाखून थुंकायचं भांडं मागितलं तरी कुणी हसत नाही, जाणकार तसंच करतात. राज्यात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, म्हणून कॉलेजातल्या पोरांच्या हातात ग्लास देऊ नये.

आणि गाडी चालवणाऱ्याला एकही ग्लास नको. कायद्यानं १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा होतो, आणि नाशिकहून नांदेड काही जवळ नाही.