'सेलर मून': तीच उसागी, दोन मालिका

चौदा वर्षांची उसागी त्सुकिनो रडूबाई आणि अभ्यासात कच्ची. लूना नावाची काळी मांजर तिला जादूचा ब्रोच देते आणि ती 'सेलर मून' होते. नाओको ताकेउची यांच्या चित्रकथेवरची ही जपानी मालिका तोएई अ‍ॅनिमेशनने १९९२ ते १९९७ या काळात २०० भागांत रंगवली. २०१४ साली तोएईनेच ती 'सेलर मून क्रिस्टल' या नावाने नव्याने आणली.

पहिला फरक वेगाचा. मूळ मालिका सुरू झाली तेव्हा चित्रकथा पूर्ण व्हायची होती, त्यामुळे पटकथेत नवे प्रसंग घालावे लागले. उसागीची साथीदार सेलर व्हीनस तिथे थेट ३३व्या भागात सामील होते, 'क्रिस्टल'मध्ये आठव्यातच.

पण त्या संथपणातच माणसं उमलली. उसागीची मैत्रीण नारू शत्रुपक्षातल्या नेफ्राइटवर जीव लावते, ही हळवी कथा मूळ मालिकेची स्वतःची भर. चित्रकथेशी इमान राखणाऱ्या 'क्रिस्टल'मध्ये ती नाही.

दुसरा फरक चित्रणाचा. मुली सेलर रूप घेतात ती 'क्रिस्टल'मधली संगणकीय त्रिमितीतली रूपांतरं अनेक चाहत्यांना निर्जीव वाटली. २०१६च्या तिसऱ्या पर्वात ती पुन्हा द्विमितीय झाली. उसागीचा आवाज मात्र दोन्हीकडे कोतोनो मित्सुइशी यांचाच.