पोरांच्या हातात फोन देताय? आधी जीकॉम्प्री टाका

रहिमतपूर स्टेशनात गाडीची वाट बघताय, रेंज रडतेय आणि सोबतची भाची 'फोन दे' म्हणून मागे लागलीय. अशा वेळी आपण कुठलाही फ्री गेम लावून देतो. मध्येच जाहिरात येते, तिचं बोट त्यावर पडतं आणि भलतंच काहीतरी उघडतं. तिची काय चूक? बंद करायची फुलीच इतकी बारीक असते.

जीकॉम्प्रीमध्ये ही भानगडच नाही. फ्रान्समध्ये २००० साली सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे. शंभरावर खेळ, जाहिरात शून्य. कॉम्प्युटरवर चालतं, अँड्रॉइडवरही. (फ्रेंचमध्ये हे नाव 'मला समजलं' असं ऐकू येतं.)

माझा आवडता खेळ जलचक्राचा. पेंग्विन मासे पकडून आलाय, त्याला आंघोळ करायचीय, पण शॉवरला पाणीच नाही. सूर्यावर टिचकी मारली की ढग, ढगावर मारली की पाऊस, मग पंप... आधी काय, नंतर काय, हे पोरं स्वतःच शोधतात. अडली तरी लगेच सांगू नका.

फक्त आवाजाच्या फाइल्स घरूनच वायफायवर उतरवून ठेवा. मग स्टेशनात नेट नसलं तरी खेळ चालतो.